जुनी कबुली, वाढीव शिक्षा: अमेरिकेतल्या एका वादाची पार्श्वभूमी

सराईत गुन्हेगाराला वाढीव शिक्षा देणारे कायदे अमेरिकेत जुनेच आहेत. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९१२ सालीच ते वैध ठरवले होते. भांडण वेगळ्याच गोष्टीवरून आहे. ज्या जुन्या दोषसिद्धीमुळे शिक्षा वाढते, ती आरोपीने न्यायालयात काहीच न उमगता दिलेल्या गुन्ह्याच्या कबुलीवर उभी असेल तर?

वकिलाविना लागलेली जुनी शिक्षा त्यासाठी वापरता येणार नाही, हे १९६७ साली टेक्सासमधल्या प्रकरणात ठरलं. १९६९चं अलाबामातलं प्रकरण थेट कबुलीचं होतं. पाच जबरी चोऱ्या कबूल करणाऱ्या तरुणाला मृत्युदंड झाला होता, आणि न्यायाधीशांनी कबुलीबद्दल त्याला एक प्रश्न तरी विचारला, अशी नोंदच नव्हती. नोंद गप्प आहे म्हणून आरोपीने समजून-उमजून खटला लढवण्याचे आपले हक्क सोडले असं धरता येणार नाही, असा निकाल लागला.

१९९२ साली केंटकीच्या खटल्यात वारं फिरलं. जुन्या कबुलीचा वृत्तांत सापडत नसेल, तर आधीचं कामकाज रीतसरच झालं असं मानून आक्षेपाच्या पुराव्याचा भार आरोपीवर टाकायला हरकत नाही, असं ठरलं.

खरा घाव १९९४चा. बेकायदा बंदूक बाळगणाऱ्याच्या नावावर तीन हिंसक किंवा अमली पदार्थांचे गंभीर गुन्हे असतील, तर किमान १५ वर्षं कैद, असा १९८४चा संघीय कायदा आहे. त्याखाली एकाला २३५ महिने सुनावले गेले. त्याचं म्हणणं असं, की जुन्या एका खटल्यात आपण नशेत होतो हा बचाव घेता येतो, हे वकिलाने सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर कबुली दिलीच नसती. सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने दार लावून घेतलं: वकील मुळीच दिला नव्हता, एवढा एकच आक्षेप शिक्षेच्या वेळी ऐकला जाईल. कारण दिलं ते सोयीचं आणि निकालांच्या अंतिमतेचं. वकील नसणं नोंद उघडताच दिसतं. वकिलाने काय सांगितलं नाही, हे शोधायला जुनी दप्तरं उपसावी लागतात. पण शोधायला अवघड म्हणून तो अन्याय लहान ठरत नाही.

जुनी शिक्षा जिथे लागली तिथे दाद मागा, असंही त्या निकालात सुचवलं होतं. पण शिक्षा भोगून संपली की तिच्याविरुद्ध संघीय न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाचा (कैद बेकायदा आहे असं सांगून सुटका मागणारा) अर्ज चालत नाही, हे १९८९लाच ठरलं होतं, आणि १९९६च्या कायद्याने एक वर्षाची मुदतही घातली. लवकर सुटायचं म्हणून तरुणपणी कबुली देऊन मोकळा झालेला माणूस ती कबुली अंगाशी येते तेव्हा दोन्हीकडून अडकतो. २००१ साली एकाच दिवशी आलेल्या दोन निकालांनी हा अडसर आणखी घट्ट केला.

२०१६ साली अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातींच्या स्वतःच्या न्यायालयांत वकिलाविना दिलेल्या कबुल्यांवर उभ्या दोषसिद्धीही ग्राह्य ठरल्या. २०२४च्या निकालाने, त्या १९८४च्या कायद्याखाली मोजले जाणारे जुने गुन्हे वेगवेगळ्या प्रसंगी घडले का, हे ज्यूरीने ठरवावं असं सांगितलं. त्या गुन्ह्यांची कबुली कशी घेतली गेली, हा प्रश्न ज्यूरीपुढे ठेवलेला नाही.