दहा हजार आणि दहा : ‘क्रल’ पिनबॉलमागची गोष्ट

‘क्रल’ या सिनेमावरच्या त्याच नावाच्या पिनबॉल मशीनचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : सिनेमा पडला, म्हणून मशीन बाजारात आलंच नाही. सिनेमा पडला हे खरंच. १९८३च्या जुलैअखेरीस तो अमेरिकेत लागला, तिथे सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर जमले आणि खर्च त्याहून बराच जास्त होता. पण मशीनचं दुखणं तिकीटबारीच्याही आधीचं होतं.

मूळ थोडक्यात. खिळे ठोकलेली उतरती फळी, स्प्रिंगचा दांडा आणि छर्रे, असं बगाटेल ज्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत खेळलंय त्यांना पिनबॉलचं कूळ वेगळं सांगायला नको. १९४७ मध्ये ‘हम्प्टी डम्प्टी’ या मशीनवर सहा फ्लिपर, म्हणजे बटण दाबून गोळी परतवायचे दांडे, आले आणि नशिबाच्या खेळात हाताचं कसब शिरलं. ते मशीन काढणारी शिकागोची कंपनी आणि ‘क्रल’ची कंपनी एकच. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ती हॉलिवूडमधल्या एका बड्या स्टुडिओने विकत घेतली.

सिनेमा घरचा, मशीनही घरचं. १९७८ मध्ये याच स्टुडिओच्या ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’वर मशीन निघालं. इलेक्ट्रॉनिक ९,९५० आणि जुन्या रिले पद्धतीची ४७०, म्हणजे दहा हजारांवर. पाच वर्षांनी, त्याच घरातून, तलवारी आणि अंतराळ यांची मिसळ असलेल्या ‘क्रल’वरची मशिन्स झाली दहा.

मधल्या पाच वर्षांत काय झालं ते याच कंपनीच्या आकड्यांत वाचता येतं. १९८२चं ‘हॉन्टेड हाउस’ तीन मजल्यांचं होतं, ते ६,८३५ निघालं. त्याच वर्षी पिनबॉलमध्ये व्हिडिओचा पडदा बसवलेलं ‘केव्हमन’ १,८०० वर थांबलं आणि ‘पंक!’ ९५९ वर. १९८३ मध्ये ‘क्यूबर्ट’ या आपल्याच गाजलेल्या व्हिडिओ गेमवर कंपनीने पिनबॉल काढलं, ते गेलं ८८४. पोरंसोरं ज्याच्यामागे वेडी झाली होती त्या पात्राची ही गत, तर न चाललेल्या सिनेमाचं काय सांगावं?

कारण आर्केडवाल्याच्या, म्हणजे नाणी टाकून खेळायच्या मशिन्सचा अड्डा चालवणाऱ्याच्या, खिशात होतं. व्हिडिओ गेमचा डबा भिंतीला लावला की तो फारशी कटकट न करता नाणी खातो. पिनबॉलला रबर बदला, कॉइल बदला, बल्ब बदला, गोळी अडकली की काच काढा. ‘पॅक-मॅन’नंतर ही उस्तवार कोण करणार?

अशा वेळी ‘क्रल’ महागडं निघालं. मुख्य पटाच्या खाली आणखी एक छोटा पट, वरून खिडकीतून दिसणारा. गोळी खाली गेली की खेळणाऱ्याची मान आपोआप पुढे झुकते. हीच युक्ती ‘ब्लॅक होल’मध्ये १९८१ साली चालली होती. पण दुसरा पट म्हणजे जास्तीचे फ्लिपर, जास्तीच्या कॉइल, वायरिंगचा दुप्पट गुंता. त्याच सुमारास कंपनीने प्रत्यक्षात काय विकलं बघा : १९७६च्या पत्त्यांच्या मशीनचं ‘रॉयल फ्लश डिलक्स’ हे नवं रूप, एकाच मजल्याचं. वर्षभरात ‘जॅक्स टू ओपन’, तेही जुन्याच आराखड्यावर. हातात पैसा असलेली कंपनी अशी अडगळीतली मशिन्स झटकून काढत नाही.

शिवाय ‘क्रल’वर याच कंपनीचा व्हिडिओ गेम १९८३ मध्ये रीतसर आर्केडमध्ये आला. सिनेमाच नडला असता तर दोन्हींवर काट बसायला हवी होती. बसली ती फक्त पिनबॉलवर. सिनेमाच्या अपयशाने शेवटचा खिळा ठोकला असेल, पण पेटी आधीच तयार होती, असं माझं मत.

या दहा मशिन्सना ‘प्रोटोटाइप’, म्हणजे नमुना, म्हणतात. आता त्या शब्दाकडे येऊ, कारण भांडणं त्याच्यावरूनच होतात. पिनबॉलच्या धंद्यात हा एक शब्द तीन-चार वेगळ्या वस्तूंना लावतात. पहिली ‘व्हाइटवुड’ : रंग न दिलेलं कोरं प्लायवुड, त्यावर पेन्सिलीच्या खुणा, बुजवून पुन्हा पाडलेली भोकं. मग इंजिनीअरांचा नमुना, ज्यात प्रोग्रॅम रोज बदलतो. मग चाचणीचं सॅम्पल : संपूर्ण रंगवलेलं, बॅकग्लास (मागची उभी चित्रांची काच) लावलेलं, एखाद्या गर्दीच्या आर्केडमध्ये नेऊन ठेवायचं आणि नाण्यांची पेटी मोजायची. पेटी भरली तर कारखान्याची लाइन सुरू. ‘क्रल’ची दहा मशिन्स या शेवटच्या जातीची दिसतात, चित्रकाम पूर्ण असलेली. म्हणजे ‘अर्धवट राहिलेलं मशीन’ हे वर्णन चूक. मराठीत ‘अप्रकाशित’ म्हणावं तर पुस्तकासारखं वाटतं. ‘लाइनवर न चढलेलं’ हे जास्त बरोबर. त्याच वर्षीचं याच कंपनीचं ‘गोइंग नट्स’ही दहावरच थांबलं. हा योगायोग मला वाटत नाही, चाचणीचा घाणाच तेवढा असावा.

पुढचं वेगाने घडलं. १९८२ मध्येच शीतपेयांच्या एका महाकाय कंपनीने स्टुडिओ घेतला होता. १९८३ मध्ये पिनबॉल कंपनीची पाटी बदलली आणि सप्टेंबर १९८४ मध्ये टाळं लागलं. पिनबॉलचा भाग वेगळ्या मालकांकडे जाऊन नव्या नावाने १९९६ पर्यंत चालला. स्टुडिओ १९८९ मध्ये जपानी हातांत गेला.

संग्राहकांचा काळ त्यानंतरचा. दहापैकी एखादं हाती लागलं तरी मागचं झाकण उघडताना छाती धडधडते. त्या काळच्या बोर्डावर चार्ज होणारी बॅटरी थेट झाळलेली असे. ती गळली की हिरवट-पांढरी पूड साचते आणि तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. इतर मशीनला बोर्ड किंवा प्लास्टिक दुसऱ्या मशीनवरून मिळतं. इथे ‘दुसरं मशीन’ म्हणजे उरलेली नऊ.

नव्याने का काढत नाहीत, हा प्रश्न ‘बिग बँग बार’ या दुसऱ्याच कंपनीच्या पिनबॉलने आणला. १९९६ मध्ये ती कंपनी बंद पडली तेव्हा त्याची १४ मशिन्स होती. दशकभराने ते पुन्हा बनवलं, दोनशेच्या आत. पण त्याला सिनेमाचा परवाना लागत नव्हता. ‘गोइंग नट्स’चंही तेच : ते संगणकावरच्या अधिकृत पिनबॉल संग्रहात आलं, ‘क्रल’ आलं नाही. १९८३ मध्ये सिनेमा आणि मशीन एकाच छपराखाली होते. आज ‘क्रल’ नव्याने काढायचं म्हटलं तर चित्रांसाठी एका दारात जावं लागेल आणि मशीनच्या आराखड्यासाठी दुसऱ्या.