पिंजऱ्यात गेला म्हणजे जंगलातून कायमचा गेला?

प्राण्यांवर लिहिणारा ब्रिटिश लेखक जेराल्ड डरेल वाचतोय म्हटलं की कुणीतरी हटकून बोलतंच, अरे तो तर प्राणी पकडून न्यायचा, एकदा नेलेला प्राणी जंगलात परत थोडीच येतो! सुरुवातीच्या आफ्रिकेतल्या कॅमेरूनच्या ट्रिपांना हे लागू पडतं, तिथले प्राणी त्याने झूंना विकलेच. पण १९५९ ला जर्सी बेटावर स्वतःचं झू काढलं आणि गणितच बदललं. १९७६ ला मॉरिशसला गेला तेव्हा तिथलं गुलाबी कबूतर जवळपास संपत आलेलं, मग थोडी पकडून पिंजऱ्यात वाढवली आणि पुढे त्यांच्याच वंशातली मॉरिशसच्या जंगलात सोडली, आज तिथे शेकड्यांनी आहेत.