अँटिऑक्सिडंट टेस्ट वेगळी, डायबेटिसची टेस्ट वेगळी

"वनस्पतीच्या अर्काची अँटिऑक्सिडंट व्हॅल्यू भारी आली, म्हणजे शुगरवर पण चालणार" असं लोक इतक्या सहज लिहितात की राहवलं नाही. दोन्हीकडे रंग मोजतात, दोन्हीकडे रिझल्ट आयसी-५० मध्ये (म्हणजे निम्मा परिणाम दिसायला किती अर्क लागला) येतो आणि तो जितका कमी तितका अर्क स्ट्राँग, त्यामुळे गडबड होते खरी.

अँटिऑक्सिडंट टेस्टमधलं डीपीपीएच हे जांभळ्या रंगाचं फ्री रॅडिकल (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला रेणू), ते मिथेनॉलमध्ये विरघळवायचं, अर्क टाकायचा, अर्धा तास अंधारात ठेवायचं, अर्कातल्या फिनॉल्सनी त्याला इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन दिला की जांभळा जाऊन पिवळट होतं आणि ५१७ नॅनोमीटरला रीडिंग घसरतं. बस, एवढंच. यात साखर नाही, एन्झाइम नाही, पेशी नाही. आणि डीपीपीएच आपल्या शरीरात नसतंच मुळी!

डायबेटिससाठी करतात त्या टेस्टमध्ये अल्फा-ग्लुकोसिडेज नावाचं एन्झाइम असतं. ते पीएनपीजी नावाचं केमिकल तोडतं, त्यातून पिवळं नायट्रोफेनॉल सुटतं, ते ४०५ नॅनोमीटरला मोजायचं. पिवळा कमी आला तर अर्काने एन्झाइम अडवलं, म्हणजे आतड्यात स्टार्चचं ग्लुकोज व्हायला कदाचित वेळ लागेल. इन्सुलिनबद्दल ही टेस्ट काहीच सांगत नाही. मेटफॉर्मिनचं मूळ गॅलेगा या वनस्पतीपर्यंत जातं, पण त्याचं काम मुख्यतः लिव्हरमध्ये चालतं, त्यामुळे डायबेटिसचं एवढं नावाजलेलं औषध या टेस्टमध्ये नापास झालं तर नवल नाही.

अजून एक, बऱ्याच लॅबमध्ये हे एन्झाइम यीस्टचं वापरतात आणि त्याच्यावर अकार्बोज (हेच एन्झाइम अडवणारं डायबेटिसचं औषध) फारसं चालत नाही (सस्तन प्राण्यांच्या आतड्यातल्या एन्झाइमवर मात्र मस्त चालतं), मग "अकार्बोजपेक्षा पॉवरफुल अर्क" अशी हेडलाइन तयार व्हायला वेळ लागत नाही.

टॅनिनवाला (तुरट चव आणणारे घटक असलेला) अर्क तर दोन्हीकडे पास होतो. डीपीपीएचला इलेक्ट्रॉन देतो आणि एन्झाइम शेवटी प्रोटीन, त्याला टॅनिन नुसतं चिकटून बसतं. कारणं दोन वेगळी, पण नंबर शेजारी शेजारी छापले की एकामुळे दुसरं झालं असं वाटायला लागतं.

खरा घोळ उंदरांच्या प्रयोगात आहे असं मला वाटतं. ॲलोक्सन नावाचं केमिकल देऊन डायबेटिस करतात, आणि ॲलोक्सन इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारतं तेच मुळी फ्री रॅडिकल तयार करून. आता अर्क त्याच्या आधीच पाजला असेल तर साधं अँटिऑक्सिडंटसुद्धा त्या पेशी वाचवू शकतं, शुगर वाढतच नाही, आणि पेपरात येतं "अँटिडायबेटिक". म्हणून मी असा पेपर उघडला की आधी मेथड्समध्ये बघतो, अर्क ॲलोक्सनच्या आधी दिलाय की शुगर चढल्यावर.