जुना फ्लोरिडा गाडीने: जलपऱ्या, काचेच्या बोटी आणि टिकी बार (बुकिंग करण्याआधी हे वाचून घ्या)

नमस्कार मंडळी! फ्लोरिडाच्या ट्रिपसाठी जे जे आम्हाला विचारतात त्या सगळ्यांना आम्ही हे आधी पाठवतो, कारण फोनवर अर्धं सांगून होतं आणि अर्धं राहून जातं. डिस्नी, युनिव्हर्सल, बीच हे तुमचं तुम्हाला सहज जमतं, त्याला आमची काही गरज नाही. आम्ही प्लॅन करतो ती डिस्नीच्या आधीच्या फ्लोरिडाची ट्रिप, म्हणजे हायवेच्या कडेला कोणीतरी एका माणसाने स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं काहीतरी भन्नाट, आणि संध्याकाळी बांबू, नारळाच्या झावळ्या आणि मंद दिव्यांचा टिकी बार.

थोडी पार्श्वभूमी सांगतो म्हणजे पुढचा रूट का असा आहे ते कळेल. पूर्वी उत्तरेकडची माणसं थंडीत गाडी काढून फ्लोरिडात यायची ती यूएस १९, २७, ४१, ४४१, यूएस १ अशा साध्या रस्त्यांनी, आणि रस्ता गावागावातून जायचा त्यामुळे पाटी दिसली की लोक थांबायचे. १९५६ मध्ये इंटरस्टेट हायवेचा कायदा झाला, मोठे रस्ते गावांना बाजूला टाकून गेले, मग १ ऑक्टोबर १९७१ ला ऑर्लँडोजवळ डिस्नी उघडलं आणि गाड्या सरळ तिकडेच वळायला लागल्या. बऱ्याच जुन्या जागा बंद पडल्या. ज्या टिकल्या त्यातल्या काही सरकारने पार्क म्हणून घेतल्या, काही त्या त्या कुटुंबांनी धरून ठेवल्या. म्हणून आमचा पहिला आग्रह हा की जीपीएसला 'हायवे टाळा' सांगा, निदान अर्ध्या प्रवासात तरी. इंटरस्टेटने गेलात तर वेळ वाचेल पण ज्यासाठी आलात तेच दिसणार नाही.

दिवसाला एकच मोठी जागा

हे आम्ही चुकून शिकलो. सुरुवातीला आम्हीच आईबाबांना घेऊन गेलो तेव्हा दोन दिवसात सात ठिकाणं कोंबली होती, दुपारी तीनला बाबा गाडीतच झोपले आणि आई म्हणाली मला आता काही दाखवू नका, फक्त चहा द्या. तेव्हापासून नियम केलाय, दिवसाला एक मोठी जागा, जमलं तर वाटेत एखादी छोटी, आणि दुपारी चारपर्यंत हॉटेलवर. टिकी बारला जायचं असेल त्या दिवशी तर हे पाळायचंच, कारण तिथे थकून जाण्यात काही मजा नाही.

सहा दिवसांचा आमचा नेहमीचा रूट ऑर्लँडोपासून सुरू होतो. पहिल्या दिवशी गेटरलँड, मगरींचं पार्क, १९४९ पासूनचं, मगरीच्या जबड्यातून आत जायचं ते दार फोटोत तुम्ही पाहिलंच असेल. लहान मुलं असतील तर छान, नसतील तर दोन तासात होतं.

दुसऱ्या दिवशी ओकालाजवळ सिल्व्हर स्प्रिंग्ज. इथे तळ काचेचा असलेल्या बोटी १८७० च्या दशकापासून चालतात, पाणी इतकं नितळ आहे की खालचं गवत, मासे, बुडालेले ओंडके सगळं हाताच्या अंतरावर वाटतं. बोटीचा नावाडी जे सांगतो ते नीट ऐका, काहीजण वर्षानुवर्षं तेच काम करतात आणि त्यांना झऱ्याचं एकेक तोंड माहीत असतं. आणि हो, किनाऱ्यावर माकडं दिसली तर दचकू नका, ती आपल्याकडचीच लाल तोंडाची माकडं आहेत. १९३० च्या दशकात इथे बोटी चालवणाऱ्या टूई नावाच्या माणसाने (त्याचं पाळण्यातलं नावच कर्नल होतं, तो सैन्यातला कर्नल नव्हे) पर्यटकांसाठी ती एका बेटावर सोडली, त्याला वाटलं पाणी ओलांडून जाणार नाहीत, पण ती पोहून जंगलात गेली आणि आज त्यांच्या पिढ्या तिथे आहेत. खायला अजिबात घालू नका, माणसाला धोकादायक असा विषाणू त्यांच्यात सापडलाय.

जलपऱ्यांसाठी अख्खा दिवस ठेवा

तिसरा दिवस विकी वाचीचा आणि आम्हाला विचाराल तर ट्रिपचा जीव इथे आहे. न्यूटन पेरी नावाचा माणूस, नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांना पोहण्याचं ट्रेनिंग दिलेला, त्याने झऱ्याच्या काठात पाण्याच्या पातळीखाली अठरा माणसं बसतील एवढं थिएटर बांधलं आणि १३ ऑक्टोबर १९४७ ला पहिला शो केला. प्रेक्षक काचेमागे बसतात आणि पलीकडे खऱ्याखुऱ्या झऱ्यात जलपरीच्या वेशात मुली नाचतात, श्वास घ्यायचा तो हवेच्या नळीतून, नळी तोंडाला लावायची, दोन घोट हवा घ्यायची, सोडून द्यायची आणि पुन्हा हसत गिरकी. फुप्फुसात हवा किती धरायची यावर शरीर वर जाणार का खाली ते ठरतं, म्हणजे जे सहज वाटतं ते सगळं श्वासाचं गणित आहे. पाण्याखाली केळं खाणं आणि बाटलीतून सोडा पिणं हा तर त्यांचा जुना खेळ. पाणी बारा महिने साधारण २३ अंश सेल्सियस, ऐकायला बरं वाटतं पण अर्धा तास त्यात राहून बघा, आणि वर झऱ्याचा जोर असतो तो वेगळाच.

त्या काळी रस्त्यावरून गाड्या फार कमी जायच्या, म्हणून गाडीचा आवाज आला की मुली पोहण्याच्या कपड्यातच धावत रस्त्यावर यायच्या आणि हात करून गाडी आत वळवायच्या. पगार नव्हता, जेवण आणि पोहायला मिळायचं तेवढंच. पुढे १९५९ मध्ये एका मोठ्या टीव्ही कंपनीने जागा घेतली, चारशे माणसांचं थिएटर झालं, आणि नंतर पडता काळ आला तेव्हा गावाने आणि जुन्या जलपऱ्यांनी ती बंद पडू दिली नाही, शेवटी नोव्हेंबर २००८ पासून ते स्टेट पार्क झालं. निघायच्या आदल्या दिवशी शोच्या वेळा पार्कच्या साईटवर बघाच, विजा चमकल्या किंवा दुरुस्ती निघाली तर शो होत नाही. आणि सकाळी लवकर जा, गर्दी वाढली की गेट बंद करतात.

तिथून यूएस १९ ने दक्षिणेला निघालात की स्प्रिंग हिलमध्ये डायनोसॉरच्या आकाराचं गॅरेज दिसेल, १९६४ मध्ये गॅस स्टेशन म्हणून बांधलेलं, पोटात गाड्या दुरुस्त होतात. पाच मिनिटं थांबून फोटो काढा. मुक्काम सेंट पीटर्सबर्गला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून सनकन गार्डन्स करता येतं, एका प्लंबरने १९११ च्या सुमारास खोलगट तळं उपसून त्यात लावलेली बाग, रस्त्यापेक्षा पंधरा फूट खाली, आत शिरलं की कोकणातल्या परसात आल्यासारखं वाटतं, आता ती शहराच्या ताब्यात आहे.

चौथा दिवस लेक वेल्स. बॉक टॉवर १९२९ चा, २०५ फूट उंच, आत साठ घंटा, आणि त्या वाजवणारा माणूस वर बसून हातापायांनी वाजवतो, साधारण दुपारी एक आणि तीनला मैफल असते. एडवर्ड बॉक लहानपणी हॉलंडहून आला, इथे मोठा संपादक झाला आणि हे त्याने लोकांना भेट म्हणून बांधलं. ज्येष्ठांना ही जागा सगळ्यात आवडते, असा आमचा अनुभव, शाल पांघरून झाडाखाली बसायचं आणि ऐकायचं, बस. जवळच स्पूक हिल आहे, गाडी न्यूट्रलला टाकली की चढावर जाते असं वाटतं, लेहच्या मॅग्नेटिक हिलसारखाच डोळ्यांचा खेळ. सायप्रस गार्डन्सबद्दल खूपजण विचारतात, १९३६ ची ती बाग आता लेगोलँडच्या आत आहे, तिथलं वडाचं झाड १९३९ साली लावलेलं, आज त्याच्या पारंब्यांखाली अख्खी वरात बसेल. पण लेगोलँडचं पूर्ण तिकीट काढावं लागतं, मुलं नसतील तर आम्ही सोडा म्हणतो.

टिकी बार म्हणजे काय आणि तिथे कसं वागायचं

टिकी म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर, माओरी आणि मार्केसास बेटांच्या लोकांकडे, पूर्वजांच्या आणि देवांच्या कोरलेल्या मूर्ती. बार मात्र अस्सल अमेरिकन. १९३३ च्या सुमारास हॉलिवूडमध्ये डॉन द बीचकोंबर नावाची छोटी जागा निघाली, चालवणारा अर्नेस्ट गँट, बेटं फिरून आलेला. तिकडे ओकलंडमध्ये व्हिक्टर बर्जरन, म्हणजे ट्रेडर व्हिक, त्याने १९४४ मध्ये माई ताई हे कॉकटेल बनवलं. रम, लिंबू, संत्र्याचं लिकर, बदामाचं सिरप आणि थोडा साखरेचा पाक, एवढंच, अननसाचा रस त्यात मुळात नव्हताच. ताहितीच्या भाषेत 'माईताई' म्हणजे छान. दुसऱ्या महायुद्धातून पॅसिफिक बघून आलेले सैनिक, १९५९ मध्ये राज्य झालेलं हवाई, यामुळे हे बार देशभर पसरले. बेटांवरच्या लोकांची श्रद्धा पिण्याच्या मगवर आणि भिंतीवर सजावट म्हणून आली, यावर तिकडच्या काही माणसांचा आक्षेप आहे आणि तो आम्हाला पटतो. मूर्तीवर चढून, तोंडात सिगरेट ठेवून फोटो काढू नका, आपल्या देवांसोबत कोणी केलं तर आपल्याला चालणार नाही.

ऑर्लँडोत डिस्नीच्या पॉलिनेशियन रिसॉर्टमध्ये ट्रेडर सॅम्स आहे, २०१५ चं, ड्रिंक मागवलं की खोलीतच काहीतरी घडतं, मुलांना आवडतं पण रात्री आठनंतर २१ वर्षांखालच्यांना आत घेत नाहीत. जागा लहान, उघडायच्या आधी जाऊन उभं राहा.

पण खरी जागा पाचव्या रात्री. लेक वेल्सहून यूएस २७ ने दक्षिणेला, ओकीचोबी तळ्याच्या कडेने, क्लुइस्टनला मैलोनमैल ऊस (थंडीत गेलात तर तोडणी चालू असते आणि काही ठिकाणी पाचट पेटवतात, कोल्हापूर-सांगलीच्या लोकांना तो वास लगेच ओळखू येतो), आणि मग फोर्ट लॉडरडेलजवळ माई-काई. बॉब आणि जॅक थॉर्नटन या भावांनी २८ डिसेंबर १९५६ ला उघडलं, सोबतीला डॉन द बीचकोंबरच्या शिकागोच्या बारमधली अनुभवी माणसं आणली, त्यात फिलिपिनो बारटेंडर मारियानो लिकुदिने, इथली बरीच ड्रिंक्स त्याच्या हातची. आत बागा, धबधबे, लाकडी मूर्ती, बाहेरचा उजेड शिरतच नाही. जेवताना समोर बेटांवरचे नाच आणि आगीचा खेळ, तो शो ताहितीत जन्मलेल्या मिरेल थॉर्नटनने बसवलाय. ऑक्टोबर २०२० मध्ये पावसाने छताचं एवढं नुकसान झालं की चार वर्षं बंद होतं, आम्हाला वाटलं गेलं, पण नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं. शोचं टेबल महिनाभर आधी घ्या, शाकाहारी असाल तर बुकिंगलाच सांगून ठेवा, ऐनवेळी सांगितलं तर भाताशिवाय फार काही मिळत नाही.

मेन्यूवर ड्रिंक हलकं, मध्यम, कडक असं लिहिलेलं असतं, ते मनावर घ्या. चवीला सरबत वाटतं आणि आत दोन-तीन प्रकारची रम असते. बदामाची ॲलर्जी असेल तर आधी विचारा, सिरप बऱ्याच ड्रिंक्समध्ये असतं. न पिणाऱ्यांनी संकोच करू नये, बिनदारूची ड्रिंक्स तेवढ्याच थाटात येतात.

आणि गाडीबद्दल आमची अट आहे, सल्ला नाही: टिकी बारच्या रात्री गाडी हॉटेलवरच राहील, जायचं-यायचं उबरने. म्हणून त्या दोन रात्रींची हॉटेलं आम्ही पंधरा मिनिटांच्या आतली निवडतो, थोडी महाग पडली तरी. फ्लोरिडात रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ आहे, पकडले गेलात तर जेल, आणि व्हिसावर असाल तर पुढची कटकट आयुष्यभराची. उघडी बाटली गाडीत ठेवणंही गुन्हा आहे.

शेवटचा दिवस गोड

सहाव्या दिवशी होमस्टेडचं कोरल कॅसल. लॅटव्हियाहून आलेला एडवर्ड लीड्सकालनिन, जेमतेम पाच फूट उंच, एकट्याने हजार टनाहून जास्त दगड कोरून उभा केला, कोणाला बघू न देता, रात्री कंदिलाच्या उजेडात. कसं केलं याच्या हजार गोष्टी सांगतात, आम्हाला तरफ, कप्पी आणि अठ्ठावीस वर्षांचा धीर पुरेसा वाटतो. मग फ्लोरिडा सिटीतलं रॉबर्ट इज हिअर, १९५९ मध्ये सहा वर्षांच्या मुलाला वडिलांनी काकड्या विकायला बसवलं आणि गाड्या थांबेनात म्हणून त्याच्या नावाची मोठी पाटी लावली, तेच आजचं दुकान. तिथे चिकू, फणस, पेरू, सीताफळ, आंबे मिळतात, सीझन बघून. पावसाळ्याच्या शेवटी काही आठवडे बंद असतं.

आंब्याचं एक सांगायचंच आहे. १८८९ मध्ये पुण्याहून आंब्याची कलमं अमेरिकेच्या शेतीखात्याकडे आली, त्यातलं मलगोबाचं झाड पाम बीचकडे तगलं, आणि त्याच्या कोयीपासून १९०२ मध्ये लावलेल्या झाडाचा पुढे हेडन आंबा झाला. इथे जो लालसर आंबा मिळतो त्यातले बरेचसे त्याच घराण्यातले. हापूसची सर नाही, पण पुण्याचं नातं आहे म्हणून आम्ही प्रत्येक ग्रुपला तिथे एक कापून खायला लावतो.

कधी यायचं, काय आणायचं

नोव्हेंबर ते एप्रिल. जून ते नोव्हेंबर वादळांचा सीझन, शिवाय उन्हाळ्यात रोज दुपारी पाऊस आणि विजा, तरी यायचंच असेल तर सगळं बाराच्या आत उरकायचं आणि हॉटेलं कॅन्सल करता येणारीच घ्यायची. भारतातून येणाऱ्यांनी मूळ लायसन्स आणि इंटरनॅशनल परमिट दोन्ही आणा, बारसाठी पासपोर्ट जवळ ठेवा, पिकलेले केस असले तरी मागतात. टोल बहुतेक ठिकाणी कॅमेऱ्यावर आहे, भाड्याच्या गाडीवर त्याची वेगळी रोजची फी लागते, आम्ही त्याऐवजी सनपासचं (आपल्या फास्टॅगसारखं) स्टिकर घ्यायला सांगतो. जुन्या जागांच्या कँटीनमध्ये हॉट डॉग आणि फ्राईज एवढंच असतं, म्हणून गाडीत धपाटे, दाण्याची चटणी आणि थर्मासमध्ये चहा ठेवा.

आम्हाला व्हॉट्सॲपवर एवढं पाठवा: किती माणसं, सगळ्यात मोठ्यांचं वय, कोणाला जास्त चालवत नाही, कोण पीत नाही, कोण मांसाहार करत नाही, आणि गाडी कोण कोण चालवणार. त्यावरून आम्ही दोन दिवसात रूट बनवून देतो, प्रत्येक जागेच्या वेळा निघायच्या आठवड्यात पुन्हा फोन करून तपासतो. तिकिटं मात्र तुमची तुम्हीच थेट काढा, सगळे पैसे त्या जागांनाच जाऊ देत.