कॅशिंग प्रॉक्सीमागून पाने संथ का उघडतात : स्क्विडच्या जडणघडणीची पार्श्वभूमी

संस्थेच्या नेटवर्कमध्ये स्क्विडसारखा कॅशिंग प्रॉक्सी (सगळ्यांच्या विनंत्या स्वतःमार्फत बाहेर नेणारा आणि आणलेली पाने साठवून ठेवणारा मधला सर्व्हर) बसवलेला असतो, बाहेरची लाइन व्यवस्थित चालू असते, तरीही ब्राउझरमध्ये पान उघडायला वेळ लागतो, आणि प्रॉक्सी वगळून थेट गेले की तेच पान चटकन उघडते. ही तक्रार प्रॉक्सीइतकीच जुनी आहे. तिच्यावर सुचवले जाणारे उपायही ठरलेले आहेत : डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा) तपासा, मेमरी वाढवा, कॅशची म्हणजे साठवलेल्या पानांची डिस्क बदला, फाइल डिस्क्रिप्टरची (एका वेळी किती जोडण्या आणि फाइली उघड्या ठेवता येतात त्याची) मर्यादा उचला. वरवर पाहता या उपायांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही, आणि म्हणूनच ते बहुतेक ठिकाणी अंदाजाने, एकापाठोपाठ एक करून पाहिले जातात. वास्तविक त्यांतले बरेचसे एकाच जुन्या रचनात्मक निर्णयातून निघालेले आहेत. तो निर्णय कसा आणि का झाला हे माहीत असेल, तर आधी कुठे पाहायचे हेही कळते.

मे १९९४ मध्ये जिनिव्हा येथील सर्न या संशोधन संस्थेत वेबविषयीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि त्याच परिषदेत आरी लुओटोनेन व केव्हिन आल्टिस यांनी वेब प्रॉक्सीवरचा निबंध मांडला. फायरवॉलच्या (आतले नेटवर्क बाहेरच्यापासून राखणाऱ्या भिंतीच्या) आत बसलेल्या लोकांना वेबपर्यंत पोहोचण्यासाठी एक वाट हवी होती, ही प्रॉक्सीमागची पहिली गरज होती. आणलेली पाने डिस्कवर ठेवून पुढच्या माणसाला तीच द्यायची, ही कल्पना तिच्या जोडीने आली. सर्नचा सर्व्हर प्रत्येक विनंतीसाठी एक वेगळी प्रोसेस (प्रोग्रामची स्वतंत्र चालू प्रत) निर्माण करत असे. ही पद्धत समजायला सोपी होती आणि एका विनंतीची अडचण दुसरीला लागत नव्हती. मात्र त्या काळातल्या यंत्रांना इतक्या प्रोसेस उभ्या करणे आणि मोडणे जड जात असे, आणि गर्दी वाढली की सर्व्हर धापा टाकू लागे.

त्याच सुमारास अमेरिकेत कोलोराडो आणि सदर्न कॅलिफोर्निया या विद्यापीठांतील संशोधकांनी हार्वेस्ट नावाचा प्रकल्प हाती घेतला होता. त्यातल्या कॅशने सर्नच्या उलट मार्ग धरला. सगळ्या विनंत्या एकच प्रोसेस हाताळेल, आणि ती कोणत्याही एका जोडणीपाशी थांबून राहणार नाही : ज्या जोडणीवर माहिती आली असेल तिचे काम थोडे पुढे न्यायचे, लगेच दुसरीकडे वळायचे. एकटा स्वयंपाकी दहा चुली सांभाळतो तसा हा प्रकार आहे. तो फिरता आहे तोवर दहाही पदार्थ वेळेत होतात, आणि त्याला एका चुलीपाशी पाच मिनिटे अडकवले तर उरलेल्या नऊही बिघडतात. हार्वेस्टचा कॅश तेव्हाच्या इतर कॅशपेक्षा सुमारे दहापट वेगवान असल्याचे त्याच्या कर्त्यांनी १९९६ च्या युझनिक्स या संगणकतज्ज्ञांच्या परिषदेत मांडले. माझ्या मते प्रॉक्सीच्या संथपणाचा सगळा पुढचा इतिहास म्हणजे या एकाच प्रोसेसला कुठे कुठे थांबावे लागते हे शोधून काढण्याचा इतिहास आहे.

हार्वेस्टच्या कॅशला नंतर दोन फाटे फुटले. पीटर डॅन्झिग यांनी त्याचे व्यापारी उत्पादन केले, ते नेटकॅश. १९९७ मध्ये नेटवर्क अप्लायन्सने ते विकत घेतले. दुसरा फाटा म्हणजे स्क्विड. ड्वेन वेसल्स यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या निधीतून, एनएलएएनआर या संशोधन प्रयोगशाळेच्या आश्रयाने तो विकसित केला आणि जुलै १९९६ मध्ये त्याची पहिली आवृत्ती मुक्त सॉफ्टवेअर म्हणून बाहेर आली. समुद्रापलीकडची बँडविड्थ तेव्हा महाग होती. न्यूझीलंडमधील विद्यापीठांना तर जेवढी माहिती खाली उतरवली तेवढ्याचे पैसे मोजावे लागत होते. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह चार महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले; पुढे महाविद्यालयांच्या संगणक कक्षांत एका अरुंद लाइनवर डझनावारी यंत्रे जोडायची वेळ आली, तेव्हा जुन्या यंत्रावर लिनक्स आणि त्यावर स्क्विड हा परवडणारा मार्ग होता. या मांडणीमुळे संथपणाच्या तक्रारीला एक वेगळेच महत्त्व आले, कारण जो वेग वाढवण्यासाठी बसवला तोच अडसर ठरू लागला.

पहिला अडसर शेजाऱ्यांकडून आला. एका कॅशमध्ये पान नसेल तर जवळच्या दुसऱ्या कॅशला विचारावे, यासाठी आयसीपी हा प्रोटोकॉल तयार झाला आणि सप्टेंबर १९९७ मध्ये आरएफसी २१८६ व २१८७ या दस्तऐवजांत नोंदवला गेला. प्रश्न यूडीपीवरून (पोहोचण्याची हमी नसलेल्या हलक्या पद्धतीने) जातो, आणि शेजारी ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे कळवतो. शेजारी बंद पडला असेल तर मात्र उत्तराची वाट पाहावी लागते, आणि ही वाट दोन सेकंदांपर्यंत लांबू शकते. एका पानावर वीस चित्रे असतील तर हा विलंब वापरणाऱ्याला किती जाणवेल हे सांगायला नको. १९९८ मध्ये आलेल्या कॅश डायजेस्टने यावर एक देखणा तोडगा काढला : शेजाऱ्याकडे काय काय आहे याचा आटोपशीर गोषवारा आधीच मागवून ठेवायचा, म्हणजे प्रत्येक वेळी विचारण्याची गरजच उरत नाही. आज शेजारी कॅशची साखळी फारशी आढळत नाही, पण बंद झालेल्या सर्व्हरची ओळ जुन्या कॉन्फिगरेशनमध्ये तशीच राहून गेल्याची उदाहरणे अजून सापडतात.

डीएनएसचा प्रश्न याहून मुळाशी जाणारा होता. नावावरून पत्ता शोधणारे युनिक्सचे नेहमीचे फंक्शन उत्तर येईपर्यंत प्रोसेसला थांबवून ठेवते, आणि एकच प्रोसेस असलेल्या स्क्विडला तर हे थांबणे मुळीच परवडणारे नव्हते. म्हणून सुरुवातीच्या आवृत्त्यांत डीएनएससर्व्हर नावाच्या काही सहायक प्रोसेस सोबत चालवल्या जात आणि शोधण्याचे काम त्यांच्यावर सोपवले जाई. त्या सगळ्या अडकल्या की नव्या विनंत्या रांगेत उभ्या राहत. पुढे स्क्विड स्वतःच डीएनएसचे प्रश्न पाठवू लागला आणि ही रांग संपली. पण चुकीच्या नेमसर्व्हरचा (डीएनएसच्या प्रश्नांना उत्तर देणाऱ्या यंत्राचा) प्रश्न शिल्लकच राहिला. नेमसर्व्हरची यादी असलेल्या मशिनच्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ फाइलमध्ये पहिला पत्ता बंद पडलेल्या नेमसर्व्हरचा असेल, तर स्क्विड मूळ सेटिंगनुसार पाच सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करतो. कधीही न उघडलेली साइट पहिल्यांदा उघडताना जवळजवळ नेमका पाच सेकंदांचा खोळंबा, आणि त्यानंतर ती साइट सुरळीत, असे दिसले तर संशयाची सुई इथेच वळवावी.

सर्वांत जास्त गैरसमज डिस्क आणि मेमरी यांबाबत झाले आणि त्यांचा फटकाही सर्वांत मोठा बसला. स्क्विडची मूळची साठवण पद्धत यूएफएस ही होती. तीत प्रत्येक वस्तूची वेगळी फाइल बनते आणि या फाइली १६ मुख्य व प्रत्येकी २५६ उपनिर्देशिकांत विभागल्या जातात. फाइल उघडणे, वाचणे आणि लिहिणे ही कामे मुख्य प्रोसेसच करत असल्यामुळे डिस्कचे वाचणारे टोक योग्य जागी सरकेपर्यंत सगळे ग्राहक ताटकळत राहत. नेटवर्कपाशी न थांबण्याची इतकी काळजी घेतलेली रचना डिस्कपाशी मात्र थांबत होती. म्हणून थ्रेड (एकाच प्रोसेसमधले समांतर कामाचे धागे) वापरणारी एयूएफएस आणि स्वतंत्र प्रोसेसकडे डिस्कचे काम सोपवणारी डिस्कडी या दोन पद्धती पुढे आल्या. व्यस्त सर्व्हरवर यूएफएस तशीच ठेवून इतर पन्नास सेटिंग बदलत बसणे व्यर्थ आहे.

मेमरीचे गणित तर अनेकांच्या लक्षातच येत नाही. कॅशमधल्या प्रत्येक वस्तूची नोंद असलेली सूची स्क्विड पूर्णपणे रॅममध्ये ठेवतो. वस्तूचा सरासरी आकार १३ केबी धरला, तर डिस्कवरच्या प्रत्येक एक जीबी कॅशमागे या सूचीला साधारण १० एमबी मेमरी लागते, आणि ६४ बिट यंत्रावर थोडी अधिक. आता २५६ एमबी रॅमच्या यंत्रावर मोठ्या हौसेने २० जीबीचा कॅश दिला, तर २०० एमबी एकट्या सूचीलाच गेले. उरलेल्यात ऑपरेटिंग सिस्टीम, चालू जोडण्यांचे बफर आणि ‘कॅश मेम’ या सेटिंगने राखून ठेवलेली जागा बसवायची. ती बसत नाही, आणि मशिन स्वॅप करू लागते, म्हणजे रॅममधला काही मजकूर डिस्कवर ढकलू लागते. सूचीचा हवा असलेला तुकडा स्वॅपमधून परत येईपर्यंत एकुलती एक प्रोसेस गोठते आणि तिच्याबरोबर सगळी संस्था थांबते. ‘कॅश मेम’ म्हणजे स्क्विड वापरेल ती एकूण मेमरी, असा समज करून लोक हा आकडा वाढवत आणि दुखणे आणखी बळावे. कॅश मोठा केला की वेग वाढेल ही समजूत इतकी स्वाभाविक आहे की तिच्यापायी किती चांगली यंत्रे टाकाऊ ठरवली गेली असतील याचे मला मनापासून वाईट वाटते. कॅश निम्मा केला असता तर त्यांतली पुष्कळशी धावली असती.

याच सूचीमुळे वीज गेल्यानंतरचा संथपणाही येतो. स्क्विड नीट बंद झाला नाही, तर पुन्हा सुरू होताना त्याला सूची पडताळून उभी करावी लागते, आणि तिची डिस्कवरची नोंदवहीच हरवली असेल तर एकेक फाइल उघडून पाहावी लागते. हे काम चालू असताना ग्राहकांना सेवा मिळत राहते, पण रखडत. महाराष्ट्रात २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत, जिथे यूपीएस संपल्यावर सर्व्हर तसाच बंद पडे, तिथे सकाळचा पहिला तास का रखडतो याचे उत्तर बहुधा कॅश लॉगमध्ये (स्क्विडच्या स्वतःच्या कामाच्या नोंदवहीत) स्पष्ट लिहिलेले असे.

फाइल डिस्क्रिप्टरची गोष्ट थोडक्यात सांगता येते. प्रत्येक जोडणीला आणि प्रत्येक उघड्या फाइलला एक डिस्क्रिप्टर लागतो. कित्येक यंत्रणांवर मूळ मर्यादा १०२४ होती आणि ती संपत आली की स्क्विड नव्या जोडण्या घेणे लांबणीवर टाकतो, त्यामुळे सगळे बंद पडत नाही, नुसते मंदावते. साइट गाळणाऱ्या किंवा पासवर्ड तपासणाऱ्या सहायक प्रोसेस अपुऱ्या असल्या तरी लक्षण हेच दिसते. दोन्ही बाबतींत कॅश लॉगमध्ये इशारा येतो. तो वाचला गेला पाहिजे, एवढेच.

अंदाजाने न चालता मोजून पाहण्याची सोय हार्वेस्टच्या काळापासून आहे, आणि या परंपरेतली ती मला सर्वांत मोलाची वाटते. कॅश मॅनेजर या स्क्विडच्या देखरेख साधनाचा ‘इन्फो’ अहवाल मागवला की त्यात गेल्या पाच आणि साठ मिनिटांतले मध्यक सेवाकाल दिसतात : सर्व विनंत्या, कॅशमध्ये न सापडलेल्या, सापडलेल्या, डीएनएस शोध, आयसीपी प्रश्न, प्रत्येकाचा वेगळा. सापडलेल्या वस्तूंचा काळ काही मिलिसेकंदांत असायला हवा. तोच अर्ध्या सेकंदावर गेला असेल तर बाहेरच्या लाइनला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्या विनंत्या बाहेर गेलेल्याच नाहीत. दोष डिस्कचा किंवा स्वॅपचा आहे. त्याच अहवालात डिस्कपर्यंत जावे लागलेल्या पेज फॉल्टचा (हवा असलेला मजकूर रॅममध्ये न सापडण्याच्या प्रसंगांचा) आकडाही असतो. उलट सापडलेल्यांचा काळ उत्तम आणि न सापडलेल्यांचा वाईट असेल, तर आधी डीएनएसची ओळ पाहावी आणि मग लाइनकडे वळावे. ॲक्सेस लॉगमधला (विनंत्यांच्या नोंदवहीतला) दुसरा रकानाही मिलिसेकंदांतला वेळ दाखवतो, पण तो वाचताना जपावे लागते : वस्तू ग्राहकाच्या हाती पूर्ण पडेपर्यंतचा वेळ त्यात धरलेला असतो, त्यामुळे मंद वायफायवरच्या एखाद्या लॅपटॉपने मोठी फाइल उतरवली तर ती नोंद प्रॉक्सीचा दोष नसताना भयंकर दिसते.

२००६ मध्ये पॉल-हेनिंग काम्प यांनी नॉर्वेच्या व्हेर्डेन्स गँग या वृत्तपत्रासाठी लिहिलेला व्हार्निश हा कॅश आला, तेव्हा स्क्विडच्या मूळ मांडणीवरच प्रश्नचिन्ह लावले गेले. काय रॅममध्ये ठेवावे आणि काय डिस्कवर, हे स्क्विड स्वतः ठरवतो आणि ऑपरेटिंग सिस्टीमही आपल्या परीने तेच ठरवत असते, त्यामुळे एकच काम दोनदा होते, असे त्यांचे म्हणणे होते. वेबसाइटच्या पुढे बसणाऱ्या कॅशबाबत ते पटण्यासारखे आहे, आणि विकिपीडियाचे सर्व्हरही पुढे स्क्विडवरून व्हार्निशकडे वळले. संस्थेच्या दाराशी बसणाऱ्या प्रॉक्सीची जागा मात्र स्क्विडकडेच राहिली. २०१२ मध्ये स्थिर झालेल्या ३.२ आवृत्तीत एकाहून अधिक कामकरी प्रोसेस चालवण्याची सोय आली, आणि एका प्रोसेसचे जुने बंधन तेव्हा कुठे सैल झाले.

तोवर वेबच बदलू लागले होते. एचटीटीपीएसच्या, म्हणजे कूटबद्ध, विनंत्या कनेक्ट या पद्धतीने बोगद्यातून जातात आणि आतली माहिती प्रॉक्सीला दिसत नाही, म्हणून ती साठवताही येत नाही. २०१८ मध्ये क्रोमने साध्या एचटीटीपी साइटवर ‘सुरक्षित नाही’ असा शिक्का मारायला सुरुवात केली, तोपर्यंत बहुतेक मोठ्या साइट एचटीटीपीएसवर गेलेल्या होत्या. अशा नोंदींत ॲक्सेस लॉगचा वेळ म्हणजे बोगदा उघडा होता तो सगळा काळ असतो, त्यामुळे चार मिनिटांची नोंद पाहून घाबरण्याचे कारण नाही. कॅशमध्ये फारसे काही उरत नसल्याने डिस्कची दुखणी आपोआप कमी झाली, आणि संथपणाची कारणे नाव शोधणे व जोडणी करणे या दोन पायऱ्यांवर येऊन थांबली.

त्यांत आयपीव्ही६ ने (जुन्या आयपीव्ही४ नंतरच्या इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीने) भर घातली. २०१० मधल्या ३.१ आवृत्तीपासून स्क्विड आयपीव्ही६ बोलू लागला. यंत्राला तसा पत्ता आहे पण पुढची वाट तुटलेली आहे, अशा नेटवर्कमध्ये तो आधी त्या बंद वाटेने जाऊन पाही, आणि जोडणीची मूळ मुदत एक मिनिटाची असल्याने काही मोजक्याच साइट विलक्षण रेंगाळत, तर बाकीच्या झटपट उघडत. ‘डीएनएस व्ही४ फर्स्ट’ हे सेटिंग त्यावरचा तोडगा म्हणून वापरले गेले. २०२१ च्या पाचव्या आवृत्तीपासून स्क्विड दोन्ही प्रकारचे पत्ते थोड्या अंतराने समांतर आजमावतो आणि जो आधी जुळेल तो घेतो, म्हणून ते सेटिंग काढून टाकण्यात आले आहे. जुनी कॉन्फिगरेशन फाइल नव्या आवृत्तीवर नेताना ती ओळ वगळावी आणि आयपीव्ही६ ची तुटलेली वाट नेटवर्कमध्येच दुरुस्त करून घ्यावी.