कित्तूरचं एक्स्चेंज ते दुकानातला राऊटर

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या पेठांत इंटरनेटवरच्या फोनचा विषय निघाला की बोलणं महिन्याच्या बिलावर येऊन थांबतं. पण इथल्या व्यापाऱ्याला फोन इतकी वर्षं महाग का पडत होता, हे आधी पाहिलं तर नव्या फोनसाठी काय तयारी लागते तेही लक्षात येतं.

1 नोव्हेंबर 1956 ला चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. चंदगडकरांचा बाजार मात्र बेळगावातच राहिला. पुढे टेलिफोनची सर्कल, म्हणजे कारभाराचे विभाग, ढोबळमानाने राज्यांप्रमाणे पडली: बेळगाव 0831, कर्नाटक सर्कल; चंदगड 02320, महाराष्ट्र सर्कल. ज्या गिऱ्हाइकाची बैलगाडी सकाळी निघून दुपारी पेठेत पोचायची, त्याच्याशी फोनवर बोलायचं तर ट्रंक कॉल, म्हणजे ऑपरेटरकडून जोडून मिळणारा बाहेरगावचा कॉल, लावून वाट बघायची.

याच जिल्ह्यात भारतीय टेलिफोनचं एक मोठं पान लिहिलं गेलं. 1984 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने खेड्यांसाठी 128 लाइनचं छोटं डिजिटल एक्स्चेंज बनवलं आणि त्यातलं पहिलं 1986 मध्ये कित्तूरला बसवलं. राणी चन्नम्माचं कित्तूर सगळ्यांना ठाऊक असतं, हे कित्तूर फारसं कुणाला ठाऊक नाही. परदेशी एक्स्चेंजला वातानुकूलित खोली लागायची. हे यंत्र उन्हात-धुळीत चालेल असंच घडवलेलं होतं. अशा एक्स्चेंजमुळे तालुक्याच्या गावांना थेट एसटीडी मिळालं आणि रात्री दर उतरले की बूथवर रांगा लागू लागल्या.

अंतराप्रमाणे वाढणारा दर मोडला तो 1 मार्च 2006 ला, बीएसएनएलच्या ‘वन इंडिया’ योजनेने: देशात कुठेही मिनिटाला एक रुपया. मोबाइलवर सीमा तरीही उरली होती. कोगनोळीच्या आसपास फोनने पलीकडचा टॉवर पकडला की घरबसल्या रोमिंग. बीएसएनएलने 15 जून 2015 पासून रोमिंगमधले येणारे कॉल मोफत केले; इतर कंपन्या हळूहळू त्या वाटेने आल्या.

इंटरनेट फोनची गोष्ट यालाच समांतर चालली, पण कायद्याने तिला बराच काळ अडवून धरलं. 1 एप्रिल 2002 पासून परवानगी मिळाली ती संगणकावरून संगणकाला किंवा परदेशातल्या फोनला बोलायची. देशातल्या साध्या लँडलाइनची घंटा इंटरनेटवरून वाजवणं निषिद्धच राहिलं. तंत्र तयार होतं, अडचण परवान्याची होती. ती गाठ जून 2018 मध्ये परवान्याच्या अटी बदलल्यावर सुटली. म्हणूनच आजही कुणी फारच स्वस्तात ‘नंबर’ विकत असेल तर त्याच्याकडे दूरसंचार परवाना आहे का, हे आधी विचारावं. ढिगाने सिमकार्डं लावून चालवलेल्या बेकायदा एक्स्चेंजवर धाडी पडतात आणि नंबर एका रात्रीत बंद होतो.

नंबर हीच दुकानाची खरी पुंजी. रविवार पेठेतल्या जुन्या पेढीचा 0831 चा नंबर पाटीवर, पावती पुस्तकावर, पिशवीवर छापलेला असतो. मोबाइलचा नंबर कंपनी बदलली तरी टिकतो; लँडलाइनला ती सोय भारतात नाही. तेव्हा जुना नंबर त्याच कंपनीच्या फायबरवर येतो का, हे लेखी विचारूनच तांब्याची लाइन सोडावी. वेग ही तुलनेने छोटी बाब. एका संभाषणाला दोन्ही दिशांना साधारण 100 केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) पुरतात. आवाज तुटतो तो बहुधा सीसीटीव्ही त्याच लाइनवर चित्रं वर चढवत असतो म्हणून. राऊटरमध्ये आवाजाला अग्रक्रम दिला की फरक पडतो. कॉल लागताच गिऱ्हाइकाला ऐकू येणारा स्वागताचा संदेश कन्नड आणि मराठी दोन्हींत ध्वनिमुद्रित करता येतो, आणि पेठेतला व्यवहार तसाही दोन्ही भाषांत चालत आलाय.

सर्वांत दुर्लक्षित बाब विजेची. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजच्या बॅटरीचे 48 व्होल्ट यायचे, म्हणून लाईट गेली तरी फोन वाजायचा. फायबरमधून वीज येत नाही. मोडेम, राऊटर आणि फोन तिन्ही दुकानाच्या विजेवर चालतात. इन्व्हर्टर बहुतेकांकडे असतो, पण त्यावर दिवे-पंखे जोडलेले आणि मोडेम मात्र साध्या सॉकेटवर. वायरमनकडून ते आधी बदलून घ्यावं, आणि नंतर मेन स्विच पाडून दुसऱ्या फोनवरून दुकानाला एक कॉल लावून बघावा.