इंदूरमधून आरोग्य सर्वेक्षणांचा मूळ डेटा मागवायचा तर: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

इंदूरच्या मेडिकल कॉलेजात कम्युनिटी मेडिसिनचं एमडी करणारी किंवा सार्वजनिक आरोग्यात पीएचडीला बसलेली आपली मुलं थीसिससाठी महिनोन्‌महिने घरोघर फॉर्म भरत फिरतात. काही प्रश्नांना ते लागतंच. पण अ‍ॅनिमिया, रक्तदाब, इस्पितळाचा खर्च अशा विषयांवर देशभरातून गोळा केलेला डेटा अर्ज केला की फुकट मिळतो. त्याला कुणाची ओळख लागत नाही आणि मुंबई-दिल्लीची फेरीही पडत नाही.

आधी कुठे काय आहे ते पाहू. मुंबईच्या आयआयपीएस या लोकसंख्या-अभ्यासाच्या संस्थेकडे एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी, २०१९-२१) आहे. त्यात ७०७ जिल्ह्यांतली ६,३६,६९९ कुटुंबं आली. ४५ वर्षं आणि त्यापुढच्या लोकांसाठीचा लासी (वृद्धत्वाचा देशव्यापी अभ्यास) हा सर्व्हे (२०१७-१८) तिथेच मिळतो. आजारपण आणि खिशातून झालेला खर्च हवा असेल तर एनएसएसची (राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची) ७५वी फेरी घ्या (जुलै २०१७ ते जून २०१८). ती केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा (सर्व्हेच्या मूळ नोंदी) पोर्टलवर आहे.

पात्रतेची अट साधी आहे: वापर संशोधनासाठी हवा. विद्यार्थ्यांनाही अर्ज करता येतो. सांख्यिकी मंत्रालयाच्या पोर्टलवर खातं उघडायचं, सर्व्हे निवडायचा, वापराचा हेतू लिहायचा आणि फाइल उतरवून घ्यायची. आयआयपीएसच्या अर्जात अभ्यासाची माहिती आणि हमीपत्र द्यावं लागतं. शक्यतो संस्थेचा ईमेल वापरा. ओळखपत्र, गाइडचं सहीशिक्क्याचं पत्र आणि एक पानाचा सिनॉप्सिस (अभ्यासाचा थोडक्यात आराखडा) यांची पीडीएफ आधीच तयार ठेवा, म्हणजे मागितलं की लगेच देता येतं.

खरा वेळ सिनॉप्सिसला द्या. ‘मध्य प्रदेशातील महिलांच्या आरोग्याचा अभ्यास’ एवढ्यावरून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘मध्य प्रदेशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमधील अ‍ॅनिमिया आणि त्याचा शिक्षण, संपत्ती-गट व शहर-ग्रामीण वास्तव्याशी संबंध, महिलांची फाइल वापरून लॉजिस्टिक रिग्रेशन.’ यात वयोगट, फाइल आणि पद्धत तिन्ही आलं. शिवाय पुढे थीसिसच्या पहिल्या प्रकरणाला हेच वाक्य कामी येतं.

हमीपत्र नीट वाचूनच सही करा. डेटा सांगितलेल्या कामासाठीच वापरायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही आणि कुठलं कुटुंब ओळखायचा प्रयत्न करायचा नाही. मैत्रिणीला हवा असेल तर तिने स्वतःचा अर्ज करावा. पेनड्राइव्हवरून फाइल फिरवण्याची सवय या कामात अजिबात चालत नाही.

संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या कॉलेजच्या एथिक्स कमिटीबद्दल बराच गैरसमज आहे. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, ओळख पटणार नाही अशा सार्वजनिक डेटावरच्या अभ्यासाला रिव्ह्यूतून सूट मिळू शकते. पण ती सूट आपण आपली घ्यायची नसते. कमिटीकडे अर्ज करून लेखी पत्र घ्या, आणि तेही काम सुरू करण्याआधी. परदेशी संस्थेचा पैसा किंवा सहभाग असेल तर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीच्या मंजुरीचाही प्रश्न येतो, तेव्हा गाइडशी सुरुवातीलाच बोला.

अर्जाआधी एक गोष्ट तपासाच: तुमचा प्रश्न इंदूर जिल्ह्यापुरता आहे की राज्याचा? एनएफएचएस-५मध्ये पुरुषांच्या मुलाखती आणि कौटुंबिक हिंसेचे प्रश्न सुमारे १५ टक्के कुटुंबांतच, राज्याच्या मॉड्यूलमध्ये (फक्त राज्यपातळीच्या आकड्यांसाठीच्या प्रश्नसंचात), घेतले गेले. त्या विषयांवर इंदूर जिल्ह्याचा आकडा काढला तर तो टिकणार नाही, राज्यापुरतंच बोला. स्त्रियांचा अ‍ॅनिमिया जिल्ह्याला मिळतो. वॉर्डाची पातळी मात्र या सर्व्हेत नाहीच, त्यामुळे इंदूरच्याच नंदानगर आणि विजयनगरची तुलना यातून होणार नाही. तशा प्रश्नाला स्वतःचा फील्डवर्कच हवा.

सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. आर हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यातलं ‘सर्व्हे’ पॅकेज वेट (प्रत्येक नोंदीचा भार), क्लस्टर (नमुन्यात निवडलेली गावं-वस्त्या), स्ट्रॅटा (नमुन्याचे थर) सगळं सांभाळतं. एनएफएचएसच्या महिलांच्या फाइलमध्ये वेटचा व्हेरिएबल व्ही००५ आहे. त्याला दहा लाखांनी भागून मगच वापरायचा. एनएसएसची फाइल साध्या मजकुराच्या रूपात आली तर सोबतची लेआउट शीट उघडून कुठल्या अंकापासून कुठल्या अंकापर्यंत काय आहे ते पाहायचं. आपण काढलेला राज्याचा आकडा छापील अहवालाशी जुळला की मगच पुढचं विश्लेषण सुरू करा.